शंभर टक्के हजेरी

४ मार्च, शनिवार

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील, तर आधी आईंच्या गुडघ्यांचं ऐकून घे. डावा बरा आहे, उजवा रुसून बसलाय. आता फाडायचं तर फाड.

तू नंबर बदललास आणि नवा कुणालाच दिला नाहीस. पत्ता मावशींकडून काढला. त्या देत नव्हत्या, मी डोकं खाऊन मिळवला, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. चिडायला मी आहेच. शिवणकामाच्या दुकानात लागलीस हेही त्यांनीच सांगितलं. मला खोटं वाटलं. दादाच्या शर्टाला बटण लावताना आतला बनियनही शिवून टाकणारी तू. दुकानवाल्याचा देव भला करो.

तुझा दादा बरा आहे. लाँड्रीची व्हॅन चालवतो, घरी येतो, जेवतो. तुझं नाव निघालं की त्याला नेमकी तहान लागते आणि तो पाणी प्यायला उठतो. आठ वर्षांनी लहान नणंदेला 'वन्सं' म्हणायचं ही माझी चेष्टा होती, हे तुला माहीत आहे. हल्ली कागदावर लिहिताना मात्र तो मान खराच वाटायला लागलाय.

आता मुद्द्याचं. लाँड्रीतल्या तुझ्या तक्रारीची फेरचौकशी लागली. जानेवारीच्या चौकशीला समितीवरच्या बाहेरच्या बाई, म्हणजे त्या निवृत्त वकीलबाई, हजर नव्हत्या आणि त्यांच्याशिवाय दिलेला निकाल नियमात बसत नाही, असं तू अर्जात लिहिलंस. बरोबर लिहिलंस. वाचताना मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सत्तावीस एप्रिलची तारीख पडली आहे.

वन्सं, अर्ज मागे घे.

चिडू नकोस, पुढचं वाच. तुझं म्हणणं असं की सतरा ऑक्टोबरला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला मोठ्या इस्त्रीच्या खोलीत मुकादम मामांनी तुला मागून धरलं, तू सुटायला गेलीस आणि तुझा हात गरम रोलरला लागून कोपरापर्यंत भाजला. आणि कागदाचं म्हणणं असं की त्या दिवशी दोन ते चार तू डबे खायच्या खोलीत बाकीच्या त्रेसष्ट जणांबरोबर प्रशिक्षणाला बसली होतीस. हजेरीपत्रकावर तुझी सही आहे. दहा प्रश्नांचा पेपर आहे, दहापैकी दहा. मी काही म्हणत नाही, कागद म्हणतो. आणि प्रशिक्षण तरी कशाचं, तर कामाच्या ठिकाणी छळ आणि मारहाण कशी थांबवायची याचं. लोक हसतात गं.

गेल्या वेळी 'पुरावा नाही' एवढ्यावर भागलं. या वेळी 'खोटी तक्रार' असा शेरा बसला, तर तो तुझ्या नावाला चिकटला तो चिकटलाच. मग कुठल्याही लाँड्रीत, कुठल्याही हॉस्पिटलात तुला कुणी उभं करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तू तिकडे मार्गाला लागली आहेस, आम्ही इकडे कसेबसे आहोत, राहू दे ना.

तू म्हणशील, जानेवारीत वहिनीला विचारलं तेव्हा वहिनी काय बोलली? मी एवढंच म्हणाले की सही आहे. आहेच ना सही.

वहिनी


१९ मार्च, रविवार

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझ्या जागी असते तर नसतं दिलं, पण निदान कोरं पाकीट तरी परत पाठवलं असतं, माणसाला कळतं पोचलं म्हणून.

एक गंमत सांगते. गंमत म्हणजे काय, रडायची गोष्ट आहे. हॉस्पिटलवाल्यांना दर सहा महिन्यांनी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. लाँड्रीतल्या प्रत्येक माणसाला छळाविरुद्धचे नियम शिकवलेत, असं लिहून दिल्याशिवाय ते आपल्याकडे चादरी पाठवत नाहीत. गेल्या वेळच्या शिकवणाऱ्या बाई या वेळी मोकळ्या नव्हत्या. साहेब म्हणाले, त्यात काय एवढं, आपल्या वहिनी शिकवतील, फाइल त्याच सांभाळतात. म्हणून गुरुवारी मी फळ्यापुढे उभी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

फळ्यावर लिहिलं: नकोसा स्पर्श, नकोसं बोलणं, नकोशी नजर. ड्रायरवरची चष्मेवाली म्हणते, बाई, हवासा असला तर? सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मामा हसले. ते पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर वही घेऊन, शहाण्या मुलासारखे.

मामा. पाळीचा मुकादम, पन्नाशीचा माणूस, आणि चौसष्ट जण त्याला मामा म्हणतात. आपल्याला ही कंपनीची खोली त्यांनीच मिळवून दिली. आईंचं गुडघ्याचं तेल अजून तेच आणून देतात, नको म्हटलं तरी. हा विषय शिकवताना मला पहिल्यांदा कळलं की त्या एका हाकेनं अर्धं काम आधीच झालेलं असतं. माणसाला एकदा मामा म्हटलं की तक्रार करायची कुणी? भाचीनं? लोक तिलाच विचारणार, अगं, मामा ना ते?

शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका? मामांनी हात वर केला. म्हणाले, समजा साक्षीदारच कच्चा निघाला तर तक्रारीचं काय होतं, ते जरा समजावून सांगा ना. चेहरा अगदी सरळ. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, तो समितीचा प्रश्न आहे. माझ्या बोटांना खडू लागला होता तो मी साडीला पुसला, दिवसभर पांढरा डाग घेऊन हिंडले.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. तू जाणतेसच, पण माझ्या तोंडून नाही ऐकलेलीस. सतरा ऑक्टोबरला पाच जणी प्रशिक्षणाच्या खोलीत नव्हत्या. पाचला ट्रक सुटायचा होता म्हणून मामांनी पाच जणींना कामावर ठेवून घेतलं. चौघींना बाहेर ट्रक भरायला पाठवलं आणि एकीला मोठ्या इस्त्रीवर ठेवलं. एकीला म्हणजे तुला. हे मला त्या दिवशी माहीत होतं.

समितीपुढे मी हे बोलले नाही. मला कुणी तसं विचारलं नव्हतं. बघ, किती सोयीचं उत्तर आहे.

वहिनी


३ एप्रिल, सोमवार

वन्सं,

सह्या मी केल्या.

लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

त्या दिवशी साडेपाचला साहेबांनी हजेरीपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. चौसष्टपैकी एकोणसाठ. म्हणाले, हॉस्पिटलला शंभर टक्के लागतात, दाखला उद्या जायचाय, बघून घ्या. आपल्या ऑफिसात 'बघून घ्या' म्हणजे काय हे शिकायला मला वर्ष लागलं होतं. घडीच्या टेबलावर अकरा वर्षं उभी राहिल्यावर खुर्ची मिळालेली बाई मी. मी बघून घेतलं. पाच पेनं घेतली, कुणाचं अक्षर तिरकं, कुणाचं गोल. पेपरही पाच लिहिले. चौघींना मुद्दाम एकदोन चुका ठेवल्या, सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले तर संशय येईल म्हणून. तुझ्या पेपरात मात्र मला एकही चूक करवेना. म्हटलं, आमच्या घरची पोर, तिला दहापैकी आठ कसे द्यायचे? काय ती हौस.

सहावा प्रश्न असा होता की आपल्यावर असा प्रसंग आल्यास आपण काय कराल. तुझ्या नावानं मी लिहिलं: मी ओरडेन, तिथून निघून जाईन आणि विश्वासातल्या व्यक्तीला सांगेन.

मी हे लिहीत होते तेव्हा तू घरी हातावर ओला पंचा धरून बसली होतीस. आल्यावर म्हणालीस मशीनवर भाजलं, आणि मी विश्वास ठेवला, आपल्याकडे कुणाला भाजलेलं नाही? पुढे महिन्याभरानं पट्टी सुटली तेव्हा तू मला सगळं सांगितलंस. म्हणजे तू पेपरात लिहिल्याप्रमाणेच केलंस. ओरडलीस, ते मशीनच्या आवाजात विरलं. निघून आलीस. आणि विश्वासातल्या व्यक्तीला सांगितलंस. त्या व्यक्तीनं काय केलं ते तुला ठाऊक आहे.

मला तेव्हा वाटलं, सही माझी आहे हे सांगितलं तर माझी नोकरी जाईल. मग खोली जाईल, ती कंपनीची. मग दादाची व्हॅन. आईंना घेऊन जायचं कुठे? मी हे सगळं मोजून गप्प बसले असंही नाही. प्रश्न आला, तोंडातून 'सही आहे' निघून गेलं, आणि मग ते परत घेता येईना. त्या चौघींनाही साहेबांनी एकेक करून बोलावलं. म्हणाले, कागद खोटा ठरला तर फसवणूक तुमचीही, सही तुमच्याच नावाची आहे. त्यांनी मान हलवली आणि कामाला गेल्या.

आणि मामांना माहीत आहे. त्या संध्याकाळी ते दारात उभे होते. तिसऱ्या पेनाला हात घातला तेव्हा म्हणाले, हुशार आहात, वहिनी. मला ते कौतुक वाटलं होतं.

आता ऐक, हे मी दादाला सांगितलेलं नाही. मामा रोज माझ्या टेबलाशी येतात. आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे. मग खांद्यावर. गेल्या आठवड्यात कमरेवर, मी मस्टर भरत असताना, आणि वाकून म्हणाले, आपण दोघं एकाच होडीत आहोत, हलायचं नाही. मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी टेबल भिंतीला लावून घेतलं, पाठीशी कुणाला उभं राहता येऊ नये म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी दोन माणसं लावून ते पुन्हा मधोमध आणवलं. कारण सांगितलं की भिंतीशी उजेड येत नाही, वहिनींचे डोळे जातील.

मला नियम तोंडपाठ आहेत, वन्सं. अर्ज कुणाकडे, किती दिवसांत, साक्षीदार किती, सगळं मीच फळ्यावर लिहिते. आणि मी मस्टर भरत राहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक एवढाच की तोंड मी माझ्याच हातानं दाबलंय.

तुझा मला राग येतो कधीकधी. तू तक्रार केली नसतीस तर मी अजून सुखात आंधळी असते. हेही लिहून टाकलं, कारण खरं आहे.

वहिनी


१६ एप्रिल, रविवार

वन्सं,

फेरचौकशीची फाइल काढून तुला आणि वकीलबाईंना प्रती पाठवायचं काम माझ्याकडेच आहे. कुंपणालाच शेताची राखण. शुक्रवारी झेरॉक्सच्या मशीनवर हजेरीपत्रक ठेवलं, झाकण लावायच्या आधी सहज नजर गेली आणि झाकण तसंच हातात राहिलं.

एकेचाळीस नंबरला तुझी सही. नाव तुझं. आडनाव आपलं.

कळलं ना? तू लाँड्रीत लागलीस तेव्हा तुझ्या कागदांवर नवऱ्याचं आडनाव होतं. त्याला सोडून वर्ष झालं होतं, पण कागद बदलले नव्हते, म्हणून रोज मस्टरवर तू त्याच आडनावानं सही करायचीस आणि सही झाली की पेन आपटायचीस. मला हे पाठ आहे, मस्टर माझ्यासमोरच असतं. आणि त्या संध्याकाळी घाईत माझ्या हातानं आपल्या घरचं आडनाव लिहिलं. साहेबांनी पाहिलं नाही, जानेवारीत समितीनं पाहिलं नाही, हॉस्पिटलवाल्यांनी पाहिलं नाही. त्या कागदावर सगळे फक्त चौसष्ट मोजतात.

मग माझ्या डोक्यात आलं की हीच प्रत जानेवारीतही तुला गेली होती. मीच पाकिटात घातली होती. म्हणजे तीन महिने ती तुझ्याकडे आहे. ते आडनाव तू पाहिलंस आणि अक्षरही. म्हणजे मी ३ तारखेला मोठ्या धीरानं जे कबूल केलं ते तुला केव्हाचं ठाऊक होतं. मी इतकी खुळी की स्वतःलाच शाबासकी देत होते.

वकीलबाईंनी तुला लेखी प्रश्न पाठवलेत. टाइप मीच केले. सातवा असा आहे: हजेरीपत्रकावरील सही आपली नसल्यास ती कोणाची असावी, याबाबत आपणास काय माहिती आहे? टाइप करताना 'कोणाची'तला 'ची' तीन वेळा चुकला.

तू समोर येणार नाहीस, लेखी उत्तरं थेट वकीलबाईंना बंद पाकिटात पाठवणार, असं कळलं. म्हणजे ते पाकीट मला फोडता येणार नाही. माझं नाव लिहिशील ना? लिही. मी खरंच सांगते, आता ते तूच लिहिलंस तर बरं. स्वतःहून उठून बोलायची माझ्यात धमक नाही, पण कुणी बोट दाखवलं तर मी नाही म्हणणार नाही. एवढं तरी मला जमेल.

आईंचं सांगायचं तर त्या रोज विचारतात, पोरीचं पत्र आलं का. डोळ्यांना दिसत नाही त्यांच्या. मग मी एखादा जुना कागद हातात धरून वाचून दाखवते. तू मजेत आहेस, दुकानातल्या बाई चांगल्या आहेत, वजन वाढलंय. अशी चार पत्रं झाली. काल आई म्हणाल्या, सूनबाई, हल्ली ही तुझ्यासारखी बोलायला लागलीये. मी कागदाची घडी घातली आणि आत गेले. माझ्या हातून एकदा तुझ्या नावानं लिहिणं सुरू झालं ते थांबतच नाही बघ.

वहिनी


२६ एप्रिल, बुधवार

वन्सं,

उद्या. चहाच्या सुट्टीत लिहितेय, दहा मिनिटं आहेत.

काल दादाला सांगितलं, सह्यांचं आणि मामांच्या हाताचंही. तो पाणी प्यायला उठला नाही. मग म्हणाला, "मी तिला म्हणालो होतो, सही आहे म्हणजे तू तिथे होतीस. माझ्या तोंडावर बघत राहिली होती ती." आणि मग विचारलं, खोली कधी सोडावी लागेल. मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, तू गप्प राहिलीस तरी मी काही म्हणणार नाही, बोललीस तरी काही म्हणणार नाही. हे ऐकून मला त्याला चांगलं बदडावंसं वाटलं. काहीतरी म्हण की रे बाबा.

आईंनाही सांगितलं की ती पत्रं माझी होती. त्या म्हणाल्या, ठाऊक होतं, पण तसं म्हटलं असतं तर वाचायची थांबली असतीस ना.

घंटा झाली.

वहिनी


२८ एप्रिल, शुक्रवार

वन्सं,

आज मी घरी आहे. क्रमानं सांगते, मध्ये रडू आलं तर अक्षर बिघडेल, चालवून घे.

साहेबांच्या केबिनमध्ये समितीचे तिघं: साहेब, स्टोअरच्या बाई आणि वकीलबाई. समोर मामा, इस्त्रीचा शर्ट घालून. कोपऱ्यात मी, कामकाज लिहून घ्यायला. वकीलबाई पिकल्या केसांच्या, ठेंगण्या, स्वतःच्या थर्मासमधला चहा घोटघोट पिणाऱ्या. त्यांनी तुझं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि एकेक उत्तर सावकाश वाचत गेल्या. मी लिहीत गेले. इस्त्रीची खोली, पावणेतीन, रोलर, हात. तू एकही शब्द जास्तीचा लिहिला नव्हतास.

सातवा प्रश्न आला. माझं पेन थांबलं. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, आता बाई माझं नाव वाचणार, मी हो म्हणणार, संपलं.

बाईंनी वाचलं, "माहीत नाही." आणि पान उलटलं.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मामांनी माझ्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली, शाबास म्हणतात तशी. आणि मला ते दोन शब्द लिहून घ्यायचे होते, कारण ते माझं काम. मी लिहिले. तू मला सोडवलं होतंस, वन्सं. आता काहीही न करता मी घरी जाऊ शकत होते, नोकरी होती, खोली होती, आणि तुझ्यावर 'खोटी तक्रार' असा शेरा मी माझ्याच अक्षरात लिहून घेतला असता.

मी म्हणाले, "ती सही मी केली आहे."

साहेब म्हणाले, तुम्ही लिहायला बसला आहात, बोलायला नाही. मी पुन्हा तेच म्हणाले. मग ते वकीलबाईंना समजावून सांगायला लागले, की घरचं माणूस आहे, नणंदेला वाचवायला बघणार, साहजिकच आहे. बघ, इतके दिवस मी खोटं बोलत होते तेव्हा कुणाला माझं नातं आठवलं नाही. मामा मऊ आवाजात म्हणाले, वहिनींना बरं नसतं हल्ली, मी रोज बघतोय ना. तेव्हा मात्र माझी तार तुटली. मी सांगितलं, रोज काय बघतात ते. खुर्ची, खांदा, कंबर, टेबल कुणी हलवलं तेही. स्टोअरच्या बाईंनी डोक्याला हात लावला. टेबल हलवणारी माणसं त्यांच्याकडूनच गेली होती.

वकीलबाईंनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. म्हणाल्या, करून दाखवा. पाचही.

मी केल्या. चौघींच्या झरझर झाल्या. तुझी करताना नाव लिहिलं आणि हात आपोआप आपल्या आडनावाकडे वळला. मी थांबवला नाही. बाईंनी हजेरीपत्रक शेजारी ठेवलं, मग मस्टर मागवलं, त्यावरची तुझी रोजची सही काढली आणि तिन्हींवर बोट ठेवून बघत राहिल्या. साहेबांकडे वळून एवढंच विचारलं, हा कागद तुम्ही कधी वाचला होता का?

मग बाईंनी त्या चौघींना बोलावलं. तिघी खाली बघत राहिल्या. ड्रायरवरची चष्मेवाली म्हणाली, मी ट्रक भरत होते, आम्ही चौघी होतो, पाचवी आत एकटी होती. इतकं बोलून तिनं चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली.

निकाल अजून यायचाय. मामांना तोवर कामावर यायला बंदी. मलाही. माझ्यावर खोट्या सह्यांची वेगळी चौकशी आहे आणि ती व्हायलाच हवी, असं वकीलबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. हॉस्पिटलला दाखला खोटा असल्याचं कळवायचं आहे आणि प्रशिक्षण सगळ्यांचं पुन्हा घ्यायचं, मशीन बंद ठेवून. मी बाहेर आले तेव्हा घडीच्या टेबलावरच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. हॉस्पिटलचं काम गेलं तर त्यांचं कसं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. खोली मे अखेरपर्यंत आहे. दादा आज व्हॅनवर गेलाय, उद्याचं माहीत नाही. मी काही वीरबीर झालेली नाही. काल संध्याकाळी घरी येऊन दार लावलं आणि कडी नीट बसली का ते तीनदा उठून पाहिलं.

माफी मागत नाही. ती मागायची तर तुझ्यासमोर उभं राहून मागेन, तू दार उघडलंस तर.

एक सांगायचं राहिलं. माझा जबाब मला स्वतःला लिहून घेता येत नाही, म्हणून बाईंनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहायला लागल्या. शेवटी त्यांनी विचारलं, तक्रारदारानं तुमचं अक्षर ओळखलं नसेल का? मी म्हणाले, ओळखलं असणार, शाळेत तिचे निबंध मीच लिहून द्यायचे. त्या म्हणाल्या, तुमचं नाव लिहिलं असतं तर त्या इथेच जिंकल्या असत्या. मग त्यांनी 'माहीत नाही' असं का लिहिलं?

"ती माझी नणंद आहे," मी म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. तसंच लिहून घेतलं.

वहिनी